पास त्यांचा, फोटोही त्यांचाच

क्रीडा पानावरचा सर्वांत मोठा फोटो पाहून झाला असेल, तर आता त्याखालचं सर्वांत बारीक अक्षर वाचा. छायाचित्रकाराचं नाव आहे? की क्रिकेट मंडळाचं, लीगचं, संघाचं?

अलीकडे बऱ्याचदा दुसरंच असतं.

मंडळानं पाठवलेल्या मजकुराला आपण प्रसिद्धीपत्रक म्हणतो. उपसंपादक त्यातली विशेषणं उडवतो, कौतुकाचे दोन परिच्छेद कापतो आणि उरलेलं आतल्या पानावर एका कॉलमात लावतो. मंडळानं पाठवलेला फोटो मात्र आहे तसा पाच कॉलम छापतो. विशेषणं फोटोतही असतात. ती कोण कापणार?

लग्नातला फोटोग्राफर पंगतीतलं भांडण टिपत नाही. त्याला कुणी दोष देत नाही, कारण पैसे कुणाचे आणि कशासाठी हे सगळ्या मांडवाला माहीत असतं. अधिकृत छायाचित्रकारही आपल्या कामात चोख असतो आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण वृत्तपत्राशी आहे. वाचकानं पैसे बातमीचे मोजले. त्याला अल्बम का देता?

2007 साली अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगनं मैदानाच्या कडेला काम करणाऱ्या छायाचित्रकारांना लाल जाकिटं घालायला लावली. जाकिटावर दोन बोधचिन्हं, कॅनन आणि रीबॉक. एक कॅमेऱ्याची कंपनी, एक बुटांची. हातात निकॉन असला तरी अंगावर कॅनन. छायाचित्र-पत्रकारांच्या आणि संपादकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. लीग हटली नाही.

बोधचिन्ह तसं लहानसंच होतं. मग एवढा गहजब कशाला?

कारण लहान बोधचिन्हाला एकदा हो म्हटलं, की मोठ्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही.

आता कुणी विचारेल, खेळाडूच्या छातीवर कंपनीचं नाव चालतं, मग छायाचित्रकाराच्या का नको? भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर सहारा आलं, स्टार आलं, ओप्पो, बायजूज, ड्रीम11 आलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये कायद्यानं बंदी आली, ड्रीम11 गेलं, आशिया चषकात छाती कोरी राहिली, मग अपोलो टायर्स आलं. ही सगळी नावं फोटोत दिसतात आणि दिसायलाच हवीत. तेव्हा मैदानावर जे होतं ते तेच होतं. नाव खोडून फोटो छापला तर ती लबाडी होईल.

पण खेळाडू बातमीचा विषय आहे. छायाचित्रकार साक्षीदार आहे. साक्षीदारानं एका पक्षकाराचा गणवेश घालून कोर्टात उभं राहायचं?

अमेरिकेची गोष्ट लांबची वाटत असेल, तर चर्चगेटला उतरा आणि वानखेडेपर्यंत चालत या.

नोव्हेंबर 2012. इंग्लंडचा संघ भारतात आला होता. बीसीसीआयनं गेटी इमेजेससह काही छायाचित्र-संस्थांना मैदानाचे पास नाकारले. मंडळाचं म्हणणं असं, की या वृत्तसंस्था नव्हेत, फोटो विकणाऱ्या कंपन्या आहेत. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस आणि एएफपी यांच्यावर बंदी नव्हती. तरीही त्यांनी मैदानावरचं काम थांबवलं.

एरवी या संस्था एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या. एक मिनिट आधी फोटो पोचवण्यासाठी जीव टाकणाऱ्या. त्या प्रतिस्पर्ध्यांसाठी थांबल्या, कारण आत कोण येणार हे यजमानानं ठरवायला सुरुवात केली, की पुढचा नंबर आपला हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आपल्याला कळलं होतं?

त्या वानखेडे कसोटीत काय घडलं ते आठवा. केविन पीटरसनच्या 186 धावा. अॅलिस्टर कुकच्या 122. माँटी पानेसरचे सामन्यात 11 बळी. त्यातले दोन सचिनचे, सचिनच्याच मैदानावर, दोन्ही डावांत 8 धावांवर. इंग्लंडनं दहा गडी राखून सामना जिंकला, पुढे मालिका 2-1 अशी खिशात घातली, आणि भारतात मालिका जिंकायला त्यांना 28 वर्षं लागली होती.

एवढा मोठा पराभव. आणि जगातल्या तीन सर्वांत मोठ्या वृत्तसंस्थांचे कॅमेरे मैदानाबाहेर.

मंडळानं फोटो देऊ केले होते. स्वतःचे, स्वतःच्या माणसानं काढलेले, फुकट. हरणाऱ्या संघाच्या मालकानंच हरण्याची चित्रं निवडून द्यायची आणि जगानं ती छापायची, अशी ती सोय. वृत्तसंस्थांनी ती नाकारली. पुढच्या वर्षीही भारतातल्या सामन्यांच्या बातमीखाली रॉयटर्सची संपादकीय टीप येत राहिली, की मैदानावरचं वार्तांकन आम्ही थांबवलं आहे आणि ते अमुक कारणानं. कारण वाचकाला सांगणं हे त्यांना आपलं काम वाटलं.

आपल्या क्रीडा पानांवर अशी टीप कितींना आठवते?

मंडळाची बाजूही ऐकू. गेटी धुतल्या तांदळासारखी नाही. ती बातमीसाठी फोटो विकते, तशी जाहिरातीसाठीही विकते. तीच गेटी ऑलिम्पिक समितीसाठी अधिकृत काम करते, आयसीसीसाठीही करते. खेळाडूच्या चेहऱ्यावर तिसऱ्याच कंपनीनं साबण विकू नये, असं मंडळाला वाटलं तर त्यात वावगं काहीच नाही.

मग करारात तसं लिहा. मोडला तर खटला भरा. दारातून परत पाठवणं हा कुठला न्याय?

शिवाय, वृत्तसंस्था कोण आणि दुकान कोण, हे मंडळानं ठरवायचं असेल, तर उद्या टोचणारा प्रश्न विचारणारं वर्तमानपत्रही दुकानच ठरेल. यादी करायची मुभा एकदा दिली की यादी लांबत जाते.

इंग्लंडमध्येही यजमान असेच वागले. 2010 च्या ऑगस्टमध्ये साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबनं बाहेरच्या छायाचित्रकारांना आपल्या मैदानात बंदी केली. फोटो हवेत तर आमच्याकडून घ्या, असा हिशेब. प्लिमथचं स्थानिक वर्तमानपत्र 'हेरल्ड'. प्लिमथचाच संघ तिथे खेळायला गेलेला, वाचक फोटोची वाट पाहणार. त्यांनी काय केलं? शहराचा इतिहास लिहिणाऱ्या एका चित्रकाराकडून सामन्याची चित्रं काढून घेतली आणि ती छापली. क्लबचा एकही फोटो घेतला नाही.

सामना प्लिमथनं 1-0 असा जिंकला. काही आठवड्यांत क्लबनं बंदीही मागे घेतली.

एका गावच्या वर्तमानपत्राला जे जमलं, ते आपल्याकडच्या लाखोंच्या खपाला का जमू नये?

ही भांडणं नेमकी त्याच काळात का उसळली? 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात फिफाला सामना चालू असताना संकेतस्थळांवर फोटो नको होते. 2007 मध्ये फ्रान्सच्या रग्बी विश्वचषकाआधी वृत्तसंस्थांनी काम थांबवलं आणि स्पर्धा तोंडावर आल्यावर तडजोड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका कसोटीत तेच. 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात फोटोंवर अटी आल्या, क्रिकइन्फोसारख्या संकेतस्थळांना दार बंद झालं.

कारण सोपं आहे. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर यायचा तोवर तो बातमी होता. तो चेंडू टाकल्यावर मिनिटभरात मोबाइलवर येऊ लागला, तेव्हा तो माल झाला. माल म्हटला की त्याचे हक्क आले आणि हक्क म्हटले की बोली आली. 2023 ते 2027 या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण-हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. एवढी रक्कम मोजणाऱ्याला मैदानात स्वतःचा नसलेला प्रत्येक कॅमेरा खुपतो.

त्याला खुपतो हे समजू शकतं. संपादकाला का खुपू लागला?

आता मूळ प्रश्न. अधिकृत छायाचित्रकाराचा फोटो खोटा असतो का? मुळीच नाही. फोकस नेमका, क्षण अचूक, रंग सुरेख. अनेकदा वर्तमानपत्राच्या माणसापेक्षा सरस, कारण त्याला उभं राहायला जागाच चांगली मिळते. अडचण आहे ती त्यानं न काढलेल्या फोटोची. काढला आणि पाठवला नाही, अशा फोटोची.

19 एप्रिल 1967, बोस्टन मॅरेथॉन. के. व्ही. स्विट्झर या नावानं नोंद झालेली कॅथरिन स्विट्झर 261 क्रमांक लावून धावत होती. स्पर्धेचा एक संचालक, जॉक सेंपल, धावत तिच्यामागे आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडू लागला. बाईनं मॅरेथॉन धावायची नसते, म्हणून. शेजारी धावणाऱ्या तिच्या मित्रानं त्याला खांद्यानं ढकलून बाजूला केलं. पत्रकारांची गाडी नेमकी पुढे होती. कॅमेरे वाजले. ते फोटो जगभर गेले आणि 1972 साली बोस्टनचं दार स्त्रियांसाठी रीतसर उघडलं.

आता सांगा, त्या दिवशी रस्त्यावर फक्त आयोजकांचा छायाचित्रकार असता तर?

हल्ला करणारा तर खुद्द आयोजकच होता.

17 एप्रिल 1993, मेलबर्न. फुटबॉलपटू निकी विनमार हा ऑस्ट्रेलियाचा आदिवासी. सामनाभर प्रेक्षकांतून त्याच्या रंगावरून शिव्या आल्या. सामना जिंकल्यावर त्यानं प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. वेन लुडबी आणि जॉन फेडर या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. दोनच वर्षांत तिथल्या फुटबॉल लीगला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. विजयाचा जल्लोष टिपायला पाठवलेला पगारी माणूस प्रेक्षकांची लाज चव्हाट्यावर आणणारा फोटो मालकाच्या हाती देईल? दिला, तर मालक तो वाटेल?

15 एप्रिल 1989, इंग्लंडमधलं हिल्सबरो फुटबॉल मैदान. गर्दीत चिरडून 97 माणसं गेली. पोलिसांनी वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांवर ढकलला. चौकशीत सत्यावर शिक्कामोर्तब व्हायला 2016 उजाडलं आणि त्या चौकशीत मैदानातल्या छायाचित्रांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. मिनिटामिनिटाला कोण कुठे होतं, जाळीपाशी काय चाललं होतं, हे त्यांत होतं. ते छायाचित्रकार आले होते गोल टिपायला. समोर माणसं मरत होती, ती त्यांनी टिपली.

बाहेरचे दाखले पुरे. 4 जून 2025 घ्या. बंगळुरूनं आयपीएल जिंकली म्हणून चिन्नास्वामी मैदानावर सत्कार ठरला. बाहेर चेंगराचेंगरी झाली, 11 जीव गेले. आत चषक उंचावला जात होता. चषकाचे फोटो काढायला माणसं नेमलेली होती. फाटकापाशी विखुरलेल्या चपला-बुटांचे फोटो काढायला कुणी कुणाला नेमलं नव्हतं. ते बातमीदारांनी काढले.

त्या दिवसाची बातमी कोणत्या फोटोत होती?

आणि 28 मे 2023. दिल्लीत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगिरांना पोलिसांनी अडवलं. विनेश आणि संगीता फोगट रस्त्यावर पडलेल्या, पोलिसांच्या गराड्यात, एकमेकींना धरून. वृत्तछायाचित्रकारांनी ते टिपलं म्हणून देशानं पाहिलं. त्याच दिवशी दुसरा एक फोटो फिरू लागला, पोलिसांच्या गाडीत बसलेल्या या मुली हसताहेत असा. ते हसू अॅपमधून चिकटवलेलं होतं. तपासणाऱ्यांनी मूळ फोटो शोधून ते उघडं पाडलं.

खोटा फोटो पसरायला आता दोन मिनिटं लागतात. त्यासमोर खरा ठेवायचा, तर त्या ठिकाणी कुणाचाच नोकर नसलेला माणूस उभा असावा लागतो. खेळाच्या संघटनेविरुद्धच खेळाडू रस्त्यावर बसले असतील, तर तिथे संघटनेचा फोटोग्राफर काय करणार होता?

प्रायोजक वाईट, असं मला म्हणायचं नाही. सहाराचा हात सुटल्यावर ओडिशा सरकार 2018 मध्ये भारतीय हॉकीमागे उभं राहिलं आणि त्याचं फळ देशानं ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. कबड्डीतल्या पोराला प्रो कबड्डीमुळे चार पैसे दिसले. पैसा खेळात यावा, भरपूर यावा.

त्यानं खेळाडूला बूट द्यावेत. पत्रकाराला जाकीट देऊ नये.

कॅमेऱ्याच्या कंपन्या ऑलिम्पिकला दुरुस्तीचं केंद्र मांडतात, छायाचित्रकारांना लेन्स वापरायला देतात. यावरही काही सोवळे लोक नाक मुरडतात. मला त्यात पाप दिसत नाही. खेळाच्या कामाची 400 मिलिमीटरची मोठी लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. ती चार दिवस उसनी घेतली म्हणून कुणी कंपनीचा होत नाही, कारण कंपनी त्याला कुठे रोखायची ते सांगत नाही. सांगू लागली, की लेन्स परत करावी.

पण हा लेन्सचा आकडा लक्षात ठेवा. स्वतंत्र राहायचा खर्च तेवढा आहे. तो कोण उचलतो?

जिल्ह्याच्या ठिकाणी या. तिथला छायाचित्रकार पगारी नाही. फोटोमागे मानधन, तेही महिन्याच्या शेवटी, तेही कापून. कॅमेरा त्याचा, पेट्रोल त्याचं, इंटरनेट त्याचं. आणि वर्धापनदिनाची पुरवणी निघाली, की जाहिराती गोळा करायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. जाहिरात कुणाकडून आणायची? ज्या साखर कारखान्यानं, ज्या बिल्डरनं, ज्या आमदारानं कबड्डी स्पर्धेचा खर्च केला, त्याच्याकडूनच. त्या स्पर्धेत मॅट फाटलं होतं, मुलींना राहायला दिलेल्या शाळेत नळाला पाणी नव्हतं, हा फोटो त्यानं काढायचा? काढून पाठवला, तर पुरवणीच्या वेळी कोणत्या तोंडानं त्या दारात जायचं?

त्याच्याकडे हिंमत नाही, असं म्हणू नका. हिमतीची किंमत वसूल करणारी व्यवस्था त्याच्या संपादकानंच उभी केली आहे.

म्हणून मग आपल्याकडे ठरलेले फोटो येतात. नारळ वाढवताना अमुक. नाणेफेक करताना तमुक. खेळाडूंची ओळख करून घेताना अध्यक्ष. पांढऱ्या शुभ्र कपड्यांत बॅट धरलेले प्रमुख पाहुणे, मागे प्रायोजकाचा फलक, आणि फलकाचं एकही अक्षर कापलेलं नाही. ज्या पोरीनं शेवटच्या चढाईत सामना फिरवला, ती कुठे आहे? तिचं नाव शेवटच्या ओळीत असतं. तिचा फोटो नसतो.

फलक नीट आला नाही, तर रात्री फोन येतो. पोरगी आली नाही, तर कुणाचाच फोन येत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीवरून काय रण माजलं ते महाराष्ट्रानं पाहिलं. दोन्ही खांदे टेकले की नाहीत, एवढाच वाद. राक्षेनं पंचाला लाथ मारली, ते चूकच, त्याची शिक्षाही झाली. पण खांदे टेकले का, हा प्रश्न उरला आणि गावोगाव लोक मोबाइलवर ते दृश्य थांबवून थांबवून पाहत राहिले. ती सगळी चित्रं आयोजकांच्याच कपाटात असती, तर हा वाद घालण्याची सोय तरी कुणाला उरली असती?

आता वरच्या मजल्यावर चला. हैदराबादच्या आयपीएल संघाचं नाव एकेकाळी डेक्कन चार्जर्स होतं. मालक 'डेक्कन क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र चालवणारी कंपनी. 2009 ला संघ जिंकला, 2012 ला मंडळानं करार संपवला. त्या चार-पाच वर्षांत हैदराबादच्या वाचकानं त्या संघाबद्दल निखळ बातमी कुठे वाचायची होती?

मुंबई इंडियन्स रिलायन्सची. नेटवर्क18 या वृत्तसमूहाचं नियंत्रण 2014 पासून रिलायन्सकडे. आयपीएल दाखवणाऱ्या जिओस्टारचं नियंत्रणही रिलायन्सकडे. यात बेकायदा काहीही नाही. पण संघ, प्रक्षेपण आणि बातमी एकाच घरात असतील, तर त्या घराबाहेरचा कॅमेरा आधीपेक्षा जास्त लागतो.

आणि आपण नेमका तोच कमी करत चाललो आहोत. फोटो विभाग आटले. ज्येष्ठ छायाचित्रकार निवृत्त झाला की जागा भरली जात नाही. सामना असला की मंडळाच्या, संघाच्या, प्रायोजकाच्या प्रसिद्धी विभागाकडून व्हॉट्सअॅपवर दहा फोटो येऊन पडतात, मोठ्या आकाराचे, फोटोओळीसकट. रात्री साडेअकराला पान सोडायच्या घाईत असलेला उपसंपादक काय करणार? तो एकटा दोन पानं लावतो आहे.

त्याला बोल लावू नका. ज्यानं त्याला एकट्याला बसवलं, त्याला विचारा.

2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात पेड न्यूजवरून केवढा धुरळा उडाला. पैसे घेऊन छापलेली बातमी म्हणजे वाचकाची फसवणूक, हे सगळ्यांना मान्य झालं, प्रेस कौन्सिलनं त्यावर अहवाल केला. फोटोला हा न्याय का लागू नाही? पैसे घेतले नाहीत म्हणून? फोटो फुकट घेतला, छायाचित्रकाराचा पगार वाचवला, तो पैसा नाही का?

उपाय अवघड नाहीत. फुकट आलेला फोटो छापायचाच असेल, तर तो कुणी पाठवला हे वाचता येईल अशा अक्षरांत फोटोखाली लिहा. जिल्ह्याच्या छायाचित्रकाराला जाहिराती आणायच्या कामातून मोकळं करा, आजपासून. प्रायोजकाच्या विमानानं आणि हॉटेलात नेलेल्या माणसाचा फोटो छापताना तसं सांगा. एका वर्तमानपत्राला पास नाकारला, तर बाकीच्यांनी त्या दिवशी यजमानाचा फोटो छापू नये. परदेशी वृत्तसंस्था एकमेकींसाठी हे करतात. मराठी वर्तमानपत्रांनी एकमेकांसाठी असं शेवटचं कधी केलं?

प्रत्येक मालिकेआधी, प्रत्येक लीगआधी पास मागणाऱ्या छायाचित्रकारांपुढे अटींचा कागद येतो. फोटो कुठे वापरायचे, किती वापरायचे, कुणाला द्यायचे, यजमानाला फुकट काय द्यायचं, अंगावर काय घालायचं. त्यावर सही होते आणि कागद फायलीत जातो. ज्या वाचकासाठी हे सगळं चाललं आहे, त्यानं तो कागद कधी पाहिलेला नाही. यंदाच्या हंगामाचे अर्ज येतील, तेव्हा कुणीतरी एका संपादकानं त्या अटी सहीआधी जशाच्या तशा क्रीडा पानावर छापाव्यात. जागा नसेल, तर त्या दिवशीचा नाणेफेकीचा फोटो काढून टाकावा.